वाऱ्याच्या हाती हापसा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. उंच पांढरा खांब आणि त्याच्या टोकाला फक्त तीन निमुळती पाती. दोन पात्यांमध्ये इतकी मोकळी जागा, की बराचसा वारा मधूनच निसटून जात असेल असं वाटतं. आता दुसरं चित्र आठवा. जुन्या काउबॉय चित्रपटांत उजाड माळावर एक लोखंडी मनोरा उभा असतो. त्याच्या टोकाला सूर्यफुलासारखं गोल चाक, त्यात दाटीवाटीने बसवलेली अठरा पाती आणि मागे एक रुंद शेपूट. चाक संथपणे फिरत असतं आणि खाली हौदात पाण्याची बारीक धार पडत असते.

दोन्ही यंत्रं वाराच पकडतात. मग एकाला तीन पाती पुरतात आणि दुसऱ्याला अठरा का लागतात? जास्त पात्यांनी जास्त वारा सापडत असेल, तर चाळकेवाडीला तीनच का? आणि तीन पुरत असतील, तर माळावरच्या त्या शेतकऱ्याने एवढा पत्रा कशासाठी खर्च केला?

या कोड्याचं उत्तर मनोऱ्याच्या टोकाकडे बघून मिळत नाही. ते विहिरीच्या तळाशी आहे. म्हणून आपणही तळापासून वर येऊ.

विहिरीत बसलेला हापसा

पाणी उपसणारी पवनचक्की समजून घ्यायला गावातला हापसा पुरेसा आहे. हापशाचं खरं यंत्र आपल्याला दिसत नाही, ते जमिनीखाली पाण्यात बुडालेलं असतं. तिथे एक पितळी नळकांडं असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात वरखाली होणारा दट्ट्या असतो. दट्ट्याच्या कडेला वॉशर असतात, म्हणजे फटीतून पाणी गळत नाही. झडपा दोन: एक सिलिंडरच्या बुडाशी आणि दुसरी खुद्द दट्ट्यात. दोन्ही फक्त वरच्या दिशेने उघडतात.

दट्ट्या वर खेचला की त्याच्यातली झडप मिटते आणि त्याच्यावर उभा असलेला पाण्याचा सगळा स्तंभ वर ढकलला जातो. त्याच वेळी दट्ट्याखाली पोकळी होते, बुडाची झडप उघडते आणि विहिरीचं पाणी आत शिरतं. दट्ट्या खाली येताना उलट होतं. बुडाची झडप मिटते, त्यामुळे आत आलेलं पाणी परत जाऊ शकत नाही. दट्ट्यातली झडप उघडते आणि दट्ट्या त्या पाण्यातून सरकत खाली येतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. दर खेपेला थोडं पाणी वर सरकतं.

सिलिंडर इतका खोल का ठेवायचा? पंप वर ठेवून पाणी शोषून का घ्यायचं नाही? कारण आपण जेव्हा पाणी शोषतो, तेव्हा खरं तर बाहेरची हवा पाण्याला दाबून वर चढवत असते आणि हवेचा हा दाब पाण्याला फार तर १० मीटरच्या आसपास उचलू शकतो. प्रत्यक्षात ७-८ मीटरच्या पुढे शोषणारा पंप हात टेकतो. दट्ट्या पाण्यातच ठेवला, तर पाणी खालून उचललं जातं आणि ही अडचण उरत नाही.

देशभर लाखो गावांत पोहोचलेल्या ‘इंडिया मार्क २’ हातपंपाची रचना हीच आहे आणि त्या पंपाची मुळं जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या हातपंपांत आहेत, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. पवनचक्की म्हणजे याच हापशाचा दांडा माणसाच्या हातून काढून वाऱ्याच्या हाती देणं. विहिरीतल्या दट्ट्याला दांडा कोण ओढतंय याने काही फरक पडत नाही.

पहिला ठोका सगळ्यात जड

आता दांडा ओढणाऱ्याच्या बाजूने विचार करू. समजा, पाणी २० मीटर खोल आहे आणि सिलिंडरचा व्यास अडीच इंच आहे. दट्ट्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचं वजन साधारण ६३ किलो भरतं. त्यात दट्ट्यापर्यंत जाणाऱ्या लोखंडी दांड्यांचं वजन वेगळं. चाक हळू फिरो की जोरात, प्रत्येक ठोक्याला हे ओझं उचलावंच लागतं. ‘वारा कमी आहे, तर आज अर्धंच उचलतो’ अशी सवलत दट्ट्या देत नाही.

खरी कसोटी लागते ती चाक थांबलेलं असताना. वाऱ्याची झुळूक आली की थांबलेल्या चाकाने पहिल्याच ठोक्याला पूर्ण ६३ किलो उचलायचे असतात. बैलगाडी चालू लागली की बैलांना फार जोर लागत नाही, पण चिखलात उभी असलेली गाडी हलवायला खांदा लावावा लागतो, तसंच हे. म्हणून इथे वेगापेक्षा पिळाची ताकद महत्त्वाची. आस फिरवण्याच्या या जोराला यंत्रशास्त्रात ‘टॉर्क’ म्हणतात. पाणी उपसणाऱ्या चक्कीला मंद वाऱ्यात, उभ्या जागेवरून मोठा टॉर्क हवा असतो.

वीज करणाऱ्या पवनचक्कीचं तसं नसतं. तिच्यावर आधी काहीच ओझं नसतं. पाती मोकळी फिरू लागतात, पुरेसा वेग घेतात आणि मगच वीजनिर्मितीचा भार त्यांच्यावर पडतो. तिला हवा असतो वेग.

आपल्या पूर्वजांना हा फरक यंत्राविना कळला होता. मोटेला बैल जुंपत, शर्यतीचा घोडा नव्हे. धावेवरून सावकाश उतरणाऱ्या बैलजोडीकडे वेग नव्हता, पण पाण्याने भरलेली मोट जागेवरून उचलण्याचा दम होता. चाळकेवाडीची तीन पाती म्हणजे घोडा. अठरा पात्यांचं चाक म्हणजे मोटेचा बैल.

पंगतीतले वाढपी

पण पाती वाढवली की टॉर्क का वाढतो? आणि तीन पाती असूनही चाळकेवाडीचा वारा वाया का जात नाही?

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी सावकाश चालणारे असतील, तर प्रत्येक पानापाशी वेळेवर पोहोचायला पंधरा-वीस जण लागतात. वाढपी चपळ असतील, तर तिघेही सगळी पंगत सांभाळतात. इथे वारा म्हणजे पंगत आणि पाती म्हणजे वाढपी. तीन पात्यांच्या चक्कीत पात्याचं टोक वाऱ्याच्या सहा ते आठ पट वेगाने धावतं. एका पात्याच्या जागेवरून थोडासा वारा पुढे सरकतो न सरकतो, तोच दुसरं पातं तिथे हजर होतं. मधली जागा आपल्या डोळ्यांना मोकळी दिसते, वाऱ्यासाठी ती मोकळी नसते.

पाणी उपसणाऱ्या चाकाचं टोक मात्र वाऱ्याच्या साधारण इतक्याच वेगाने फिरतं. वाढपी संथ आहेत, म्हणून संख्या हवी. त्या बदल्यात फायदा असा, की चाक थांबलेलं असतानाही अठरा पाती एकाच वेळी वाऱ्याचा रेटा घेतात आणि सगळ्यांचा जोर एका आसावर पडतो. पहिला जड ठोका त्या जोरावर पार पडतो.

याची किंमतही मोजावी लागते. संथ आणि दाट पात्यांचं चाक वाऱ्यातली ऊर्जा तितकी कार्यक्षमतेने घेऊ शकत नाही. कोणतंही चाक वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी ५९ टक्क्यांहून जास्त घेऊच शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. सगळी ऊर्जा काढून घेतली तर वारा चाकामागे थबकेल आणि नव्या वाऱ्याला यायला वाटच उरणार नाही. आजच्या तीन पात्यांच्या चक्क्या या मर्यादेच्या बऱ्याच जवळ पोहोचतात. अठरा पात्यांचं चाक उत्तम वेळी ३० टक्क्यांच्या आसपास राहतं. पण जी चक्की मंद वाऱ्यात दट्ट्या हलवूच शकत नाही, तिच्या कार्यक्षमतेचा शेतकऱ्याला काय उपयोग?

गोल फिरणं ते वरखाली होणं

चाक गोल फिरतं, दट्ट्याला मात्र वरखाली व्हायचं असतं. हे रूपांतर चाकामागच्या छोट्या पेटीत होतं. चाकाच्या आसावर लहान दातेरी चक्र असतं आणि ते मोठ्या दातेरी चक्राला फिरवतं. चाकाचे साधारण तीन फेरे झाले की मोठ्या चक्राचा एक फेरा होतो. मोठ्या चक्राला मध्यापासून थोडा दूर एक दांडा अडकवलेला असतो. सायकलच्या पेडलवर पाय जसा गोल फिरताना वरखालीही होतो, तसा हा दांडा वरखाली होतो आणि खाली विहिरीपर्यंत गेलेल्या दांड्यांना ओढतो.

तीन फेऱ्यांना एक ठोका कशासाठी? घाटात सायकलचा हलका गिअर टाकतो त्याच कारणासाठी. जास्त फेरे, कमी ओझं. शिवाय लांबलचक दांडा फार वेगाने वरखाली केला, तर खाली येताना तो वाकतो आणि झडपा आपटून झिजतात.

या दांड्यांच्या साखळीत अमेरिकी शेतकरी वरच्या बाजूला एक लाकडी तुकडा मुद्दाम ठेवत. खाली दट्ट्या अडकला किंवा वारा बेफाम झाला, तर हा तुकडा आधी तुटतो आणि महागडी दातेरी चक्रं वाचतात. घरातल्या वीजजोडणीत फ्यूज जे काम करतो, तेच काम इथे एक लाकडाचा तुकडा करतो.

राखणदाराशिवाय चालणारी चक्की

वाऱ्याने पाणी उचलणं ही अमेरिकेची कल्पना नव्हे. हॉलंडमध्ये बीम्स्टर नावाचं अख्खं सरोवर पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये शेतजमीन केलं गेलं. त्या कामाला ४३ चक्क्या लागल्या. पण डच चक्कीजवळ माणूस राहायचा. वारा फिरला की तो चक्कीचं तोंड फिरवायचा, वादळ आलं की शिडाचं कापड गुंडाळायचा.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर ते शक्यच नव्हतं. तिथे विहिरीजवळ दिवसेंदिवस माणूस फिरकत नसे. चक्कीला वाऱ्याची दिशा स्वतः शोधता यायला हवी होती आणि वादळात स्वतःला वाचवताही यायला हवं होतं. १८५४ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या डॅनियल हॅलडे या कारागिराने अशा चक्कीचं पेटंट घेतलं. वेग वाढला की तिची पाती आपोआप कलायची आणि वाऱ्याची पकड ढिली व्हायची. पुढे विस्कॉन्सिनमधले धर्मोपदेशक लिओनार्ड व्हीलर यांनी १८६७ मध्ये अखंड चाकाची, संपूर्ण चाकच बाजूला वळवणारी रचना आणली. आजही बहुतेक चक्क्यांत त्याच तत्त्वाचा उपयोग होतो. ती युक्ती पाहण्यासारखी आहे.

चाकाचा आस मनोऱ्याच्या बरोबर मध्यावर बसवलेला नसतो, काही इंच बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे वाऱ्याचा रेटा चाकाला सतत शेपटाच्या बाजूला वळवू पाहतो. शेपूट आणि चाक यांच्यात एक स्प्रिंग असते, ती चाकाला वाऱ्यासमोर धरून ठेवते. दुकानाचा स्प्रिंगचा दरवाजा हलक्या हाताने उघडत नाही, पण जोराने ढकलला की उघडतो. तसंच इथे. वारा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गेला की रेटा स्प्रिंगवर मात करू लागतो, चाक शेपटाकडे दुमडू लागतं आणि हळूहळू वाऱ्याला कड दाखवून उभं राहतं. वादळात छत्री मिटून आपण अंग चोरून उभे राहतो, तसं. वारा ओसरला की स्प्रिंग चाकाला परत जागेवर आणते. ना वीज, ना माणूस. वाऱ्याचाच जोर वाऱ्यापासून बचाव करतो.

उरलेलं काम थॉमस पेरी या अभियंत्याने केलं. १८८२-८३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या चाकांवर पाच हजारांहून जास्त प्रयोग केले. लाकडी सपाट फळ्यांऐवजी किंचित बाक दिलेला पोलादी पत्रा वापरला आणि मधले अडथळे कमी केले, तर तेवढ्याच वाऱ्यात कितीतरी जास्त काम होतं, हे त्यांना दिसून आलं. त्यावर आधारलेली एअरमोटर कंपनीची चक्की १८८८ मध्ये शिकागोत बाजारात आली. १९१५ पासून दातेरी चक्रं तेलाच्या बंद पेटीत बुडालेली असत. त्याआधी वंगण घालायला दर आठवड्याला मनोऱ्यावर चढावं लागे, आता वर्षातून एकदा तेल बदललं की झालं. वाफेच्या इंजिनांच्या टाक्या भरायला रेल्वे कंपन्यांनी, गुरांसाठी पशुपालकांनी आणि घरच्या भाजीपाल्यासाठी शेतकऱ्यांनी अशा लाखो चक्क्या उभारल्या. ऑस्ट्रेलियातही टूवुम्बा इथे बनलेल्या ‘सदर्न क्रॉस’ चक्क्या मेंढपाळांच्या वस्तीची ओळख बनल्या.

वाऱ्याचं गणित, पाण्यात मोजलेलं

आता शेतकऱ्याचा खरा प्रश्न: दिवसाला पाणी किती मिळेल?

वाऱ्याचा एक नियम मनात पक्का ठसवायला हवा. वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. दुप्पट वेगाने येणाऱ्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते आणि त्याच वेळात चाकापाशी पोहोचणारी हवाही दुप्पट असते. चार गुणिले दोन, आठ.

३ मीटर व्यासाचं चाक आणि २० मीटर खोल पाणी धरू. वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर असेल, तर पाणी उचलायला साधारण ४५ वॉट ताकद मिळते. दिवसभरात, रात्र धरून, १९ ते २० हजार लिटर पाणी वर येतं. पण सरासरी वेग सेकंदाला ३ मीटरच असेल, तर पाणी ८ हजार लिटरवर येतं. वेग पावपटीने घटला आणि पाणी निम्म्याहून कमी झालं! म्हणून ‘आमच्याकडे बराच वारा असतो’ हा अंदाज पुरेसा नाही. सेकंदाला एका मीटरचा फरक म्हणजे चक्की उपयोगी की निरुपयोगी, यातला फरक.

२० हजार लिटर म्हणजे किती? एका एकरावर ५ मिलिमीटर पाणी पसरलं तर जवळपास तेवढंच भरतं. उन्हाळ्यातल्या बऱ्याच पिकांची रोजची गरज याच घरातली. म्हणजे चांगल्या वाऱ्यात, काटकसरीने वापरलं, तर एका एकराची सोय. गुरांचा विचार केला, तर म्हशीमागे रोज ८० लिटर धरूनही दोनशेहून जास्त जनावरांचं पाणी.

४५ वॉट म्हणजे घरातल्या छताच्या साध्या पंख्याहूनही कमी. पाच अश्वशक्तीच्या मोटारीची ताकद त्याच्या ८० पट असते. पण मोटार वीज असेल तेवढेच तास चालते. चक्की वारा असेल तोवर, रात्री-अपरात्री, कुणी बघत नसतानाही ठोके देत राहते. तिची सगळी मदार ताकदीवर नाही, सातत्यावर आहे.

विहीर खोल असेल तर? चाळीस मीटर खोलीसाठी अडीचऐवजी पावणेदोन इंचाचा सिलिंडर लावला, तर पाण्याच्या स्तंभाचं वजन पुन्हा ६२-६३ किलोच भरतं. चाकावरचं पाण्याचं ओझं तेच राहतं, फक्त प्रत्येक ठोक्याला येणारं पाणी निम्मं होतं. चाक बदलण्याआधी सिलिंडरचं माप बदलून पाहावं, असं जाणते कारागीर यामुळेच सांगतात. उलट लोभापायी मोठा सिलिंडर टाकला, तर मंद वाऱ्यात चाक हलतच नाही.

पाणी सखलात, वारा माळावर

वीज तारेतून नेता येते, दट्ट्याचा दांडा तसा नेता येत नाही. त्यामुळे चक्की विहिरीवरच उभी करावी लागते. इथेच निसर्ग अडवतो. आपल्या विहिरी बहुतेक ओढ्याकाठी, सखल जागी, आंबा-नारळाच्या सावलीत असतात. वारा असतो उघड्या माळावर.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ३० लाख एकरांचं एक्सआयटी नावाचं पशुपालन क्षेत्र होतं. १९०० च्या सुमारास तिथे ३३५ चक्क्या होत्या. त्यातली एक दरीच्या सखल भागात होती. कड्यांच्या वरून जाणारा वारा पकडायला तिचा लाकडी मनोरा तब्बल १३२ फूट उंच बांधावा लागला. १९२६ मध्ये ती वाऱ्यानेच कोसळली.

नियम साधा आहे. १२० मीटरच्या परिसरात जे सर्वात उंच झाड किंवा घर असेल, त्याच्यापेक्षा चाक निदान ५ मीटर वर हवं. झाडाआडचा वारा नुसता मंद नसतो, तो घुसळलेलाही असतो. दर क्षणी दिशा बदलणाऱ्या वाऱ्यात चाक हेलकावे खातं आणि यंत्र लवकर झिजतं. झाड दरवर्षी वाढतं, मनोरा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

टाकी हीच बॅटरी

वारा मागाल तेव्हा येत नाही. म्हणून चक्कीसोबत साठवण ही सोय म्हणून नव्हे, यंत्राचा भाग म्हणूनच पाहावी. निदान तीन-चार दिवस पुरेल एवढं पाणी साठायला हवं. विजेची बॅटरी काही वर्षांत निकामी होते. पाण्याची पक्की टाकी किंवा अस्तर घातलेलं शेततळं त्याहून जास्त टिकतं आणि दुरुस्तही करता येतं. टाकी उंचावर बांधली तर पाणी आपसूक खाली उतरतं, पण जितकी उंच टाकी तितकी विहीर खोल केल्यासारखंच होतं. तेवढं पाणी कमी मिळतं.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. आपल्याकडे वारा सर्वात जोरात वाहतो तो जून ते ऑगस्टमध्ये, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात. तेव्हा आभाळच पाणी देत असतं. पाऊस सरला, रब्बीला पाणी हवं झालं की वारा पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा पुन्हा सुटतो, पण तोवर विहिरीची पातळी खाली गेलेली असते आणि दर लिटरला जास्त कष्ट पडतात. वर्षाच्या सरासरीने हा पेच दिसत नाही. ज्या महिन्यात पाण्याची गरज आणि वारा यांचं सर्वात वाकडं असेल, तो महिना धरून चक्कीचं माप ठरवावं लागतं.

आपल्याकडे काय झालं?

भारतात यावर काम झालं नाही असं नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात ‘डब्ल्यूपी-२’ नावाची १२ पात्यांची चक्की तयार केली. पुढे उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरमध्ये डच तंत्रज्ञांच्या मदतीने ‘१२ पीयू ५००’ ही चक्की घडली. बारा पाती, पाणी उपसण्यासाठी, व्यास ५०० सेंटिमीटर, असं तिच्या नावातच सगळं आलं. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून तिची प्रात्यक्षिकं देशभर उभी राहिली. ऑरोविलमध्ये उजाड लाल मातीवर झाडं जगवताना अशा चक्क्यांचा उपयोग झाला.

तरीही त्या फारशा रुजल्या नाहीत, अनेक बंद पडल्या. काही जागी वाराच पुरेसा नव्हता. काही जागी वॉशर बदलायला, नटबोल्ट आवळायला कुणी शिकलेलं नव्हतं. एकीकडे स्वस्त वीज होती, दुसरीकडे पाण्याची पातळी बोअरच्या खोलीकडे धावत होती. शंभर मीटरवरून पाणी ओढायला छोटं चाक हवं तेवढं पाणी देत नाही.

आज या जागी सौरपंप आला आहे. केंद्राची कुसुम योजना आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे तो शेतकऱ्याच्या आवाक्यात येतो आहे. उन्हाळ्यात पाणी हवं तेव्हाच ऊन कडक असतं, हा त्याचा मोठा गुण. त्याला मनोरा लागत नाही आणि त्याची पॅनेल विहिरीपासून थोडी दूरही ठेवता येतात. बहुतेक शेतकऱ्यांसाठी तोच शहाणपणाचा पर्याय आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण जिथे पाणी उथळ आहे, वारा वर्षभर वाहतो आणि गुरांसाठी किंवा रोपांसाठी थोडंच पण रोज पाणी हवं आहे, तिथे वाऱ्यावरचा हापसा अजूनही कामाचा आहे. त्यातला प्रत्येक भाग गावच्या लोहाराला आणि फिटरला दिसतो, कळतो आणि दुरुस्त करता येतो.

चौकट: चक्की लावण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. रोज किती लिटर पाणी लागतं? (गुरं, घर आणि पीक वेगवेगळं मोजा.)

२. सर्वात कोरड्या महिन्यात पाणी किती खोल जातं? त्यात टाकीची उंची मिळवा.

३. त्याच महिन्यात वाऱ्याचा सरासरी वेग किती? सेकंदाला ३ मीटरहून कमी असेल, तर दुसरा पर्याय पाहा.

४. विहिरीभोवती १२० मीटरमध्ये सर्वात उंच काय आहे? चाक त्याच्या ५ मीटर वर नेता येईल का?

५. तीन-चार दिवसांचं पाणी साठवायची जागा आहे का?

६. वर्षातून एकदा तेल आणि अधूनमधून वॉशर कोण बदलणार? वर चढण्याआधी चाक दुमडून, साखळीने बांधून ठेवायचं, हे त्याला माहीत आहे का?

पुन्हा त्या कोड्याकडे

आता चाळकेवाडीच्या तीन पात्यांकडे आणि माळावरच्या अठरा पात्यांकडे पुन्हा पाहा. एकीला तारेतून वीज पाठवायची आहे, म्हणून तिला वेग हवा. दुसरीला विहिरीतलं ६३ किलोंचं ओझं मंद झुळकीत उचलायचं आहे, म्हणून तिला दम हवा. दोघींच्या पात्यांची संख्या वाऱ्याने ठरवली नाही, कामाने ठरवली.

वरच्या चौकटीतला पहिला प्रश्न वाऱ्याबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे, तो याच कारणाने. हापसा हापसताना आपण आधी घागर ठेवतो, मग दांड्याला हात लावतो. चक्की उभारतानाही तोच क्रम पाळायचा: आधी घागरीचं माप, मग विहिरीची खोली आणि शेवटी मान वर करून वाऱ्याकडे बघायचं.